दीड कान

हरेशच्या सहा आसनी मिनिडोर रिक्षात पास झाल्याशिवाय घरतांच्या स्टुडिओतलं गाणं बाहेर पडत नसे. हा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप पडून गेला होता. हळदीचं गाणं शेवटी वाजणार कुठं, तर मांडवातल्या भोंग्यावर, टेम्पोतल्या डेकवर, नाहीतर केगाव ते उरण नाका अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीत. तिथं जे ऐकू येत नाही, ते स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर ऐकू येऊन उपयोग काय? म्हणून गाणं तयार झालं की हेमांगी घरत ते हरेशच्या गाडीत लावायची आणि तिचा चुलत दीर हरेश बंदराच्या रस्त्यानं एक फेरी मारायचा. बाजूनं कंटेनरचे ट्रेलर जायचे. हल्ली त्यांत ड्रायव्हर नसायचे, पण चाकांचा आवाज पूर्वीइतकाच होता. ट्रेलर शेजारून जात असताना गाण्याचे शब्द कळले तर पास. मिनिडोर बॅटरीवर आली तेव्हा डिझेलची खडखड गेली आणि गाणी फारच सहज पास व्हायला लागली. हरेशनं मग मागच्या दाराची बिजागरी मुद्दाम सैल करून ठेवली.

त्या दिवशीचं गाणं पहिल्याच फेरीत पास झालं.

"शब्दन् शब्द कळला, वैनी," नाक्यावर गाडी वळवताना हरेश म्हणाला. "उरणचा आवाज म्हंजे उरणचा आवाज."

हेमांगीनं नुसती मान हलवली. हे शब्द तिनं इतक्या वेळा ऐकले होते की आता त्यांचा आनंद होत नसे, फक्त राहिलेल्या कामाची आठवण व्हायची. तिच्या शेजारी तिचा नवरा जयेंद्र बसला होता. गाण्यातला बेंजो त्यानं वाजवला होता, चालही त्याचीच होती. त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "माझा हात ऐकू आला का रं?"

"हाय ना मागं. बरोबर हाय," हरेश म्हणाला. जयेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी येऊन हेमांगीनं स्टुडिओतला संगणक सुरू केला, तर पडद्यावर नादपटचा निरोप आलेला होता. नादपट म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करायचं आणि त्यांतले वेगवेगळे आवाज एकमेकांत नीट बसवायचं सॉफ्टवेअर. त्याची सातवी आवृत्ती तिनं एकरकमी विकत घेतली होती, जशी शिलाई मशीन घेतात तशी. निरोपात लिहिलं होतं की आठवी आवृत्ती विकत मिळणार नाही, ती फक्त सभासदांसाठी असेल. महिना संपायच्या आत सभासद होणाऱ्या जुन्या मालकांना निम्म्या दरात, नंतर येणाऱ्यांना पूर्ण दरात. ज्यांना सभासद व्हायचं नाही त्यांची सातवी आवृत्ती चालूच राहील, फक्त कानाचं माप घ्यायची सोय या महिनाअखेर बंद होईल.

तिनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि खुर्चीत मागं टेकली. दुसऱ्या कुणाला ते वाक्य किरकोळ वाटलं असतं.

माणसाचा कान नुसता ऐकत नाही, तो आवाज काढतोही. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्यात, केसांसारख्या टोकांच्या पेशींच्या ओळी असतात. बाहेरून नाजूक आवाज आला की बाहेरच्या ओळीतल्या पेशी स्वतः हलतात, झोका देणाऱ्या हातासारख्या, आणि त्या आवाजाला जोर देतात. या हालचालीचा अतिशय बारीक प्रतिध्वनी कानातून परत बाहेर येतो. दवाखान्यात तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे याच प्रतिध्वनीवरून बघतात. नादपटच्या कंपनीनं तीच युक्ती हेडफोनमध्ये घातली होती. हेडफोन कानात दोन सूर सोडायचा आणि कान तिसऱ्या सुरात काय उत्तर देतो ते टिपायचा. ज्या उंचीच्या सुराला उत्तर नाही, तिथल्या पेशी मेल्या.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण सॉफ्टवेअर दोन गोष्टी करू शकत होतं. जे वरचे सूर ऐकू येत नाहीत, ते खाली आणून जिवंत पेशींच्या हद्दीत ऐकवायचे, ही एक. दुसरी गोष्ट जास्त खोल होती. हेमांगीनं वर्षानुवर्षं कुठल्या गाण्यात कुठला आवाज किती वर-खाली केला, हे सगळं शिकून घेऊन ते तिची आवडनिवड बांधून ठेवत असे. तिला ऐकू येईनासं झालं तरी ऐकू आलं असतं तर तिनं काय केलं असतं, ते सुचवायचं. या बांधणीला कंपनी 'कान' म्हणायची. दर सहा महिन्यांनी नवं माप घेऊन हा कान लावून घ्यावा लागे, कारण खरा कान तोवर आणखी थोडा झिजलेला असे.

हेमांगीचा कान झिजला होता तो हळदीच्या मांडवांमध्ये. विसाव्या वर्षापासून ती बेंजो पार्टीच्या मिक्सरवर उभी राहायची, आणि मिक्सर नेहमी भोंग्याच्या शेजारी. आता बावन्नाव्या वर्षी पाखरांचे आवाज, बांगड्यांची किणकिण, 'स' आणि 'श' यांच्यातला फरक, सगळं तिच्यासाठी संपलं होतं. हे ती सोडून नादपटला तेवढं माहीत होतं. जयेंद्रला तिनं सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, तात्पुरतं असेल. मग उरणचा आवाज म्हणून नाव झालं आणि सांगायची वेळ निघून गेली.

"झाल्या गो तीन," ओटीवरून जयेंद्र म्हणाला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकर बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ यंत्र बोलत राहिलं आणि मग खरं माणूस आलं, पुण्यातली इरा साने नावाची मुलगी. आवाज गोड, बोलणं भराभर. हेमांगीला तिचे निम्मे शब्द अंदाजानं घ्यावे लागले. तिनं आधी साधी गोष्ट विचारली. चातुर्मासात लग्नं नसतात, हळद नसते, स्टुडिओला कुलूपच असतं. तेवढे महिने सभासदत्व थांबवता येईल का? इरानं खेदानं सांगितलं की तशी सोय नाही. सभासदत्व खंडित झालं की कान पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. पुढच्या वर्षी दर वाढेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली की प्रत्येक आवृत्तीबरोबर दर ठरतो आणि आवृत्त्या आता दरवर्षी येतील.

स्टुडिओ बंद असला तरी सॉफ्टवेअरचं भाडं भरत राहायचं, ते न भरलं तर कान गहाण. हिशोब अवघड नव्हता, पटणारा नव्हता इतकंच.

"पण मॅडम, तुम्हाला हे काहीच लागू नाही," इरा म्हणाली. "मी तुमचं खातं उघडून बघतेय. तुम्हाला आमच्याकडून सहभागी सभासदत्वाचा प्रस्ताव आहे. कायमचं, मोफत."

मग तिनं समजावून सांगितलं. हजारो लोक नादपटवर घरच्या घरी गाणी करतात. त्यांना कान हवे असतात, तयार, नावाजलेले. कोकणातल्या हळदीच्या गाण्यांसाठी कंपनीनं बरेच कान तपासले आणि ऐकणाऱ्यांसमोर ठेवले. लोक दर वेळी हेमांगीचाच कान निवडतात. हेमांगीनं तो सगळ्या सभासदांना वापरू दिला, की तिला आयुष्यभर काही भरायचं नाही, मापही मिळत राहील.

"मग मला काम कोण देणार?" हेमांगीनं विचारलं. "पनवेलचा पोरगा माझाच कान लावून घरी गाणं करील."

इरा म्हणाली की तसं होतं थोडं, पण नाव मोठं होतं. मग स्वतःच्याच उत्साहात तिनं पुढं सांगितलं की तुमचा कान अगदी दुर्मीळ का आहे तेही आम्ही शोधलं. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास, आणि तेही धातूच्या तारेवर आघात झाला की, तुमचा हात झटकन खाली येतो. बेंजो एकदम मागं जातो आणि गाणाऱ्याचे शब्द पुढं येतात. निरोगी कान असा निर्णय घेणारच नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं सगळ्यात पहिलं माप आमच्याकडे आहे ना, अडतिसाव्या वर्षीचं. तेव्हाच त्या भागातल्या पेशी गेलेल्या होत्या. त्यामुळे तो आवाज तुम्हाला टोचत असणार. त्यातून ही शैली तयार झाली. किती छान ना."

"बिघडलेला कान हवाय तुम्हाला," हेमांगी म्हणाली.

"आम्ही बिघडलेला म्हणत नाही, मॅडम. लोकप्रिय म्हणतो."

फोन ठेवल्यावर हेमांगी तशीच बसून राहिली. कान गेल्याचं दुःख जुनं होतं, त्याची तिला सवय झाली होती. पण एक गोष्ट तिनं मनाशी घट्ट धरली होती. तिला वाटायचं की आपला चांगला कान, तरुणपणचा, त्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षित आहे. आपण खराब होत गेलो तरी तो तिथं तसाच आहे, जुन्या फोटोसारखा. आता कळत होतं की त्या फोटोतही चेहरा पडलेलाच होता.

नव्या आवृत्तीची चव घ्यायला काही दिवस मोफत मिळत होते. तिनं ती सुरू केली. त्यात निरोगी कानाशी तुलना करून बघायची सोय होती. तिनं तेरा वर्षांपूर्वीचं एक गाणं लावलं, जयेंद्रची चाल, जयेंद्रचा बेंजो. निरोगी कानानं तो पुन्हा बसवला आणि वरचा आवाज खाली आणून तिला ऐकवला. बेंजो शब्दांच्या बरोबरीनं चालत होता. नवरीच्या आईचं कडवं संपायचं तिथं तो एक वळण घेत होता, छोटंसं, खोडकर. तिनं ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं. हे वळण तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

ते तिथं पहिल्यापासून होतं. तिनंच ते दाबलं होतं.

यामागचं शास्त्र तिनं नंतर वाचून काढलं, आणि वाचताना जुने मांडव आठवत गेले. बाहेरच्या ओळीतल्या पेशी नाजूक आवाजाला जोर देतात आणि मोठ्या आवाजाला तसाच सोडतात, म्हणून निरोगी माणसाला आवाज पायरीपायरीनं वाढलेला कळतो. त्या मेल्या की जिन्याच्या खालच्या पायऱ्या निघून जातात. काही ऐकू येत नाही, ऐकू येत नाही, आणि मग एकदम वरच्या पायरीवर आवाज अंगावर येतो. कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला मोठ्यानं बोललं की तो ओरडू नको म्हणतो, ते यामुळेच. जयेंद्रच्या तारेचा आघात तिला तसाच अंगावर यायचा. ती म्हणायची, बेंजो कर्कश लागतोय. तो म्हणायचा, बरं. ती मिक्सरवरचं बटण खाली ओढायची.

सातआठ दिवस तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. इराचे दोन निरोप येऊन गेले. मोफत कायमचं सभासदत्व नाकारायला कारण तरी काय होतं? काम तसंही वर्षा-दोन वर्षांत कमी होणारच होतं. सातव्या आवृत्तीवर राहिली, तर कान शेवटच्या मापावर थिजून जाणार आणि खरा कान झिजत राहणार. गाणी हळूहळू वेडीवाकडी व्हायला लागतील आणि तिला ते कळणारही नाही, हरेशला आधी कळेल. पैसे भरून साधी सभासद झाली, तर निरोगी कान लावता येईल, पण मग ते गाणं सगळ्यांच्या गाण्यासारखं होईल आणि तिनं तिथं बसायचं कशाला हा प्रश्न उरेल. ती रोज संध्याकाळी प्रस्ताव उघडून बघायची आणि बंद करायची. थकवा असा होता की होय म्हणणं सोपं वाटत होतं.

पुढचं गाणं तयार झालं, आणि दोघं पुन्हा मिनिडोरमध्ये बसली. हरेशनं गाणं लावलं. मागचं दार खडखडत होतं. बंदराचा रस्ता लागला तेव्हा हेमांगी जयेंद्रकडे न बघता म्हणाली, "मला वरचं ऐकू येत नाही. बरीच वर्षं."

"म्हाइत हाय मना," जयेंद्र म्हणाला.

ती वळून बघायला लागली.

"कुकरच्या शिट्या कोन मोजतो?" तो म्हणाला. "तू बोलली नाय, मी इचारलं नाय."

तिला वाटायचं, त्याला भूक लागलेली असते म्हणून तो ओटीवरून आठवण करतो. तिनं मान खाली घातली. मग उरलेलं सांगितलं. कंपनीचा प्रस्ताव, पहिलं माप, चार हजार कंपनं, ते न ऐकलेलं वळण. मी तुमचा बेंजो त्या मापाच्याही आधीपासून, सोळासतरा वर्षं दाबत आले, आणि तो कर्कश नव्हता, असं तिनं सरळ सांगून टाकलं. पुढं बसलेल्या हरेशला गाण्यामुळे आणि दारामुळे काही ऐकू जात नव्हतं.

जयेंद्र काहीतरी बोलला, पण नेमका तेव्हा ट्रेलर शेजारून चालला होता.

"काय म्हणालात?"

तो ट्रेलर पुढं जाईपर्यंत थांबला. "मना वाटायचं," तो म्हणाला, "तुला माझं वाजवनंच आवडत नाय."

जयेंद्रनं शर्टाच्या खिशातून पिक काढली, तारा छेडायची, आणि तिच्या तळहातावर ठेवली. ती प्लास्टिकची नव्हती. जुन्या चपलेच्या चामड्याची होती, कडा घासून गोल केलेल्या.

"ही कधीपासून?"

"झाली की धा-बारा वर्षं. तू बटन खाली करायच्या आधी मीच हात खाली करायला शिकलो. रोज रोज कोन ऐकून घेईल, कर्कश, कर्कश."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते तिला जास्त लागलं. तिनं ती मऊ पिक बोटांत फिरवून बघितली. म्हणजे तिच्या कानानं नुसतं गाणं बदललं नव्हतं, वाजवणारा हात बदलला होता. निरोगी कान लावून आता काहीही परत येणार नव्हतं, कारण परत आणायला तो जुना हातच शिल्लक नव्हता. आणि हे एका घरात झालं होतं. हा कान पनवेलपासून रेवदंड्यापर्यंत प्रत्येक स्टुडिओत गेला, की प्रत्येक बेंजोवाल्याला तेच ऐकावं लागेल. कुणी माणूस सांगणारही नाही. यंत्र गुपचूप खाली ओढेल आणि पोरं मऊ पिक शोधतील.

"पास, वैनी," पुढून हरेश ओरडला.

घरी आल्यावर जयेंद्रनं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुनी प्लास्टिकची पिक शोधून काढली. ती मिळायला वेळ लागला, आणि मिळाल्यावर त्याचा हात सरळ चालेना. मनगट मऊ चालीला सरावलं होतं. दोनतीन वेळा तार नुसतीच खणकली. हेमांगीनं हेडफोन काढून ठेवला आणि उघड्या कानांनी समोर बसली. पहिले काही सूर तिला ऐकूच आले नाहीत, नुसती बोटं हलताना दिसली. मग त्यानं जोर लावला आणि तो आवाज तिच्या अंगावर आला, नेहमीसारखा, सुई टोचल्यासारखा. तिचा हात आपसूक बटणाकडे गेला. जयेंद्र वाजवता वाजवता त्या हाताकडे बघत होता. तिनं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

मापाची सोय अजून चालू होती. तिनं सहज हेडफोन त्याच्या कानांना लावला. डाव्या कानानं एकाही वरच्या सुराला उत्तर दिलं नाही. पार्टीत त्याच्या डाव्या हाताला कायम भोंगा असायचा. उजवा कान मात्र वरपर्यंत बोलत होता, त्याच्या वयाच्या मानानं नवल वाटावं इतका.

"डावा गेला तुमचा," ती म्हणाली.

"नि तुझा?"

"दोन्ही अर्धे."

जयेंद्रनं हिशोब केला. "म्हंजे तुझे दोन अर्धे मिळून एक नि माझ्या उजव्याचा वरचा अर्धा. दीड कान. गावात एवढा तरी कोनाकडं हाय?"

ती खूप दिवसांनी हसली, थोडीशीच.

त्या आठवड्यात त्यांनी एक गाणं वेगळ्या रीतीनं बसवलं. खालचं सगळं तिनं पाहिलं, ढोलक, गाणाऱ्याचा आवाज, टाळ्या. वरचं आलं की ती थांबायची आणि जयेंद्र उजवा कान स्पीकरकडे करून सांगायचा, इथं टोचतो, इथं नाय टोचत, इथं तू उगाच घाबरतेस. वाद झाले. त्याला सगळीकडेच बेंजो पुढं हवा होता, आणि ती म्हणाली की हे काय, आता सतरा वर्षांची कसर एका गाण्यात काढणार का. तो म्हणाला, हो. शेवटी एका कडव्यावर दोघांनी तडजोड केली. काम पूर्वीपेक्षा दुप्पट हळू झालं. पाठ दुखली, भात एकदा करपला, कारण शिट्या मोजायला कुणी ओटीवर नव्हतं.

महिना संपायला आला तेव्हा इराचा पुन्हा फोन आला. हेमांगीनं सांगितलं की कान द्यायचा नाही, आणि आठवी आवृत्तीही नको. इराला खरंच वाईट वाटल्याचं जाणवलं. तिनं म्हटलं की मॅडम, यंत्रात कारण नोंदवावं लागतं, त्याशिवाय प्रस्ताव बंद होत नाही. दर परवडत नाही, वापर कमी झाला, दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, यांतलं काय लिहू? हेमांगी म्हणाली की यांतलं कुठलंच नाही. मग इरानं विचारलं की खरं कारण काय आहे. हेमांगीला सांगावंसं वाटलं, चामड्याची पिक, खोडकर वळण, सगळं. पण ते फोनवर सांगायला बळ नव्हतं. ती म्हणाली, "इतर असं काही आहे का?" ते होतं. इरानं ते लिहिलं.

नव्या गाण्याची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. हवा स्वच्छ होती, रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली. हरेशनं गाणं लावलं आणि पहिल्या कडव्यालाच आवाज थोडा कमी केला. मग पुन्हा वाढवला. नवरीच्या आईचं कडवं आलं, संपलं, आणि या गाण्यातही घेतलेलं ते खोडकर वळण आलं. हेमांगीला ते ऐकू आलं नाही, पण जयेंद्रचं बोट गुडघ्यावर हललं, त्यावरून कळलं. शेजारून ट्रेलर गेला.

गाणं संपल्यावर हरेशनं गाडी हळू केली. मग त्यानं एका हातानं कान चोळला.

"नापास, वैनी," तो म्हणाला. "राग नका मानू. बेंजो टोचतो. उरणचा आवाज नाय वाटत हा."

हेमांगीला हे अपेक्षित होतं. ज्या कानांनी तो निकाल दिला, ते कानही तिनंच घडवले होते. पुढचा सगळा हंगाम हेच ऐकायचं होतं, प्रत्येक नवरदेवाच्या काकाकडून, प्रत्येक मांडववाल्याकडून. काही गिऱ्हाइकं जातील, आणि जी जाणार नाहीत त्यांना समजावून सांगावं लागेल. नुसत्या विचारानंच तिला दमल्यासारखं झालं.

जयेंद्र पुढं वाकला. "पन ऐकू आला ना?"

"आला ना दादा. म्हनून तर सांगतो."

जयेंद्र मागं टेकला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या हातात ती प्लास्टिकची पिक होती आणि तो ती अंगठ्यानं उलटसुलट करत होता.

"आणखी एक फेरी मारा, भावोजी," हेमांगी म्हणाली. "गाणं तेच राहू द्या."

हरेशनं आरशात दोघांकडे बघितलं, आणि नाक्यावरून गाडी पुन्हा बंदराच्या रस्त्याला लावली.